टिटवीचे नाव

लेकीच्या बाळंतपणाची तयारी करताना शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकला आणि त्या धुरासरशी कल्याणचे माहेर आठवले. थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला आली होती. खिडकीखाली खाजण, भरतीच्या पाण्याचा खारट वास, आणि बाळ काही केल्या दूध ओढीना. तिन्हीसांजेला बाहेर टिटवी ओरडू लागली. तिचे ओरडणे म्हणजे घरात मरण, आणि बाळंतिणीपुढे नाव काढले तर ती दाराशीच येते, म्हणून आत्याने आम्हां सर्वांना ते नाव घ्यायची बंदी केली होती. “काय ओरडतंय गं?” बहिणीने विचारले. आम्ही सगळ्या गप्प. “म्हणजे तीच ना? माझं बाळ जाणार ना?” म्हणत ती रडू लागली. तेव्हा आत्याच कडाडली, “हो, टिटवीच! चिखलात तिची पिल्लं आहेत, कोल्हा दिसला की बोंबलते. तू तरी वेगळं काय करतेयस? घे त्याला!” बहिणीला रडता रडता हसू फुटले आणि तिने बाळाला पदराखाली घेतले. थोड्या वेळाने ते चुटुचुटु ओढू लागले. आता बाळंतिणीच्या खोलीतले सगळे मी आधीच लावून ठेवते, आणि बाहेर टिटवी ओरडली, तर कोणी विचारायच्या आत तिचे नाव सांगून टाकते.