पुढे रस्ता बंद आहे

माझ्या वडिलांनी आयुष्यात माझं कौतुक एकदाच केलं, आणि ते ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

हिंजवडीला कंपन्या आल्या आणि औंधातल्या आमच्या गल्लीचं नशीब फिरलं. मुख्य रस्ता तुंबला की अख्खं आयटी आमच्या फाटकासमोरून! सकाळी दूध आणायला जाणारा माणूस घरच्यांचा रीतसर निरोप घेऊन निघायचा. एके दिवशी एका मोटारसायकलने दादांच्या (म्हणजे वडिलांच्या) हातातली दुधाची पिशवी उडवली. दादा थोडक्यात बचावले आणि माझं डोकं फिरलं.

महापालिकेत तीन अर्ज देऊन झाले होते. शेवटी अस्सल पुणेकराने करायचं तेच मी केलं, पाटी रंगवली. 'पुढे रस्ता बंद आहे. वाहने मागे वळवावीत. वाद घालू नये.' आणि गल्लीच्या तोंडाशी ठोकली.

"पण रस्ता कुठे बंद आहे?" बायकोने, सुनंदाने, विचारलं.

"ते लोकांना काय माहीत?"

दादांनी चष्मा वर करून पाटी वाचली. "बघू," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांत गल्ली शांत. मी अटकेपार झेंडा लावल्याच्या थाटात गॅलरीत चहा पीत बसू लागलो. फक्त एक निळी गाडी रोज यायची. एकदा मी ती अडवलीच.

"वाचता येत नाही का?"

"येतं की, काका," गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण म्हणाला. "पण रस्ता चालू आहे ना."

"उद्या दिसलात तर चाकातली हवा सोडीन."

पुढच्याच आठवड्यात सकाळी चहा घेताना दादांचं तोंड वाकडं झालं. कप पडला. उजवा हात उचलेना. ॲम्ब्युलन्सला फोन केला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मग ड्रायव्हरचाच फोन आला.

"अहो, येऊन गेलो आम्ही. रस्ता बंदची पाटी होती, म्हणून वळलो. आता पुलावर अडकलोय."

"ती पाटी खोटी आहे हो."

"मग लावली कोणी?"

मी फोन ठेवला. सुनंदा माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

मी चपला न घालता रस्त्यावर धावलो. एरवी शेकड्याने गाड्या जायच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. (माझं कर्तृत्व.) बऱ्याच वेळाने एक गाडी आली. निळी.

"काका, हवा सोडताय?" त्याने काच खाली करून विचारलं. मग माझा चेहरा बघून तो उतरला, दादांना माझ्याबरोबर उचललं आणि हॉर्नवरचा हात न काढता हॉस्पिटल गाठलं.

"अर्धा तास आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

दादा जगले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मी पाटी काढली, तशी वाहतूक पुन्हा सुरू झाली. चार महिन्यांनी एका संध्याकाळी त्यांची चाकाची खुर्ची फाटकापाशी लावून मी शेजारी बसलो होतो. समोर हॉर्नचा कल्लोळ. त्या सकाळनंतर पहिल्यांदाच दादांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले,

"पाटी... चोख होती. कोणी... आलं नाही."