आईचा ईस्टरचा चहा

मंडळी, आज ईस्टर. आई दरवर्षी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात चहा सोडते आणि ईस्टरच्या सकाळी प्रार्थना झाली की पहिला कप घेते. यंदा तिला घशाचा कॅन्सर, तरी सोडला होता.

मुरबाडच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय.

सकाळी प्रार्थनेनंतर मी आलं घालून चहा केला. चमच्याने पाजला, तर सगळा ओठांवरून बाहेर आला. मी तिचं तोंड पुसलं.

"तू पी गो. सण हाय," ती कशीबशी बोलली. मग डोळे मिटून तिने माझ्या कपासाठी देवाचे आभार मानले.

ती बरी होईल असं मला आता वाटत नाही. चहा मी प्यायले, पण तिच्या प्रार्थनेला 'आमेन' काही तोंडातून निघालं नाही.

तुम्हाला म्हणता आलं असतं का?