अक्कल वजा एक

दर रविवारी दुपारी चार ते सहा आमच्या घरी एक खेळ चालतो. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण आता काय करतो ते बोलून सांगतात: दार उघडतो, पळून जातो, पाटलाला थाप मारतो. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो: मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. टाळेबंदीत मुलीने हा खेळ घरात आणला. ती नोकरीसाठी बंगळूरला गेली, खेळ अमरावतीत राहिला. आता आम्ही पाच जण मोबाईलवरून खेळतो. मी आणि बायको अमरावतीत, मुलगी तिकडे, बायकोची धाकटी बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे माझे साडू, अकोल्याला.

गोष्ट सांगणारा मी. मी तंत्रनिकेतनात जमीन मोजणी शिकवतो, त्यामुळे माझ्या गोष्टीतल्या प्रत्येक गावाला नकाशा असतो आणि नकाशाला प्रमाण. दोन गावांमधलं अंतर बैलगाडीने किती वेळात कापलं जाईल हे मी आधी काढून ठेवतो. प्रत्येक फासाही वहीत लिहून ठेवतो. साडूंचा फासा अकोल्याला स्टीलच्या ताटात पडतो आणि ताट कॅमेऱ्यापुढे असतं. चारशे बारा वेळा टाकल्यावर त्यांना वीस हा आकडा एकतीस वेळा आलेला होता. वीस-एकवीस वेळा यायला हवा होता. मी ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, "देवानं देल्लं भाऊ, तुमी कायले मोजून राहिले?" फासा बदलायला त्यांनी नकार दिला. एरवी ते फार बोलणारे नाहीत. एका शाळेत कारकून आहेत. पण खेळात ते एका वाटमाऱ्याचं काम करतात आणि दोन तास त्यांचं तोंड थांबत नाही.

एकसष्ट रविवार चाललेली आमची एक लांब गोष्ट, खेळात तिला मोहीम म्हणतात, मी नीट लिहून काढली. चौतीस पानं झाली. तिचे तीन भाग होते, प्रत्येकात नियमांचे तक्ते. वर डोंगराच्या पायथ्याची बागाइती, मध्ये कापसाचा मुलूख, आणि खाली नदीकाठचा खारपाणपट्टा, जिथे जमिनीतलं पाणीच खारट असतं. घरी बनवलेल्या मोहिमा लोक जिथे एकमेकांसाठी ठेवतात अशी एक साइट मुलीने दाखवली. तिथे मराठीत फारसं काही नव्हतं. मी आमची ठेवली. पहिल्या पानावर लिहिलं, 'सर्व तक्ते खेळून तपासलेले.'

हे खरं नव्हतं. पहिले दोन भाग आम्ही खेळलो होतो. तिसरा मी दिवाळीच्या सुटीत एकट्याने बसून पूर्ण केला होता आणि त्यातला एकही तक्ता कुणी खेळलेला नव्हता. विद्यार्थ्याने जागेवर न जाता घरी बसून मोजणीचे आकडे भरले तर मी त्याला वर्गाबाहेर काढतो.

बारा दिवसांत एकेचाळीस जणांनी मोहीम उतरवून घेतली. मला आनंद झाला आणि मी तो सगळ्यांना कळवला. साडूंनाही झाला. त्यांनी न वाचताच ती आपल्या गावच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं की हे माझ्या साडूने केलं.

त्यांचं गाव अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना पूर्णेच्या अलीकडे लागतं. खारपाणपट्ट्यातलं आहे. हे मला अर्थात माहीत होतं. पण लिहिताना ते गाव माझ्या डोळ्यांपुढे नव्हतं, एक तक्ता होता. पान सत्तावीसवर मी लिहिलं होतं की या मुलखातल्या विहिरींखाली एक शाप आहे. तिथलं पाणी पिणारी माणसं मंद होत जातात आणि दिलेला शब्द विसरतात. शेजारी पात्रांच्या गुणांचा नियम होता: 'प्रत्येक घोटाला अक्कल वजा एक.'

गावात ते पान सत्तावीस आधी वाचलं गेलं. साडूंचा चुलतभाऊ शेती करतो, तोंडाने तिखट आहे. त्याने ग्रुपवर फक्त तो नियम पुन्हा लिहून पाठवला. त्यावर चाळीसेक लोकांनी हसणारे चेहरे टाकले. पुढच्या शनिवारी साडू गावी गेले तर पारावर त्यांना 'वजा एक' अशी हाक पडली.

रविवारी चार वाजता अकोल्याकडून मेहुणी एकटीच दिसली. ताट होतं, फासा नव्हता. मी साडूंना फोनवर बोलवायला सांगितलं. ते आले, उभेच राहिले.

"अठरा वर्सं मी ते पाणी पेलो," ते म्हणाले. "रोजचे दहा घोट धरा. आता माही किती उरली ते तुमीच काढून सांगा, भाऊ."

मी काही बोलायच्या आत ते गेले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. गुणाकार मात्र माझ्या डोक्यात होऊन गेला, पासष्ट हजार सातशे, ही माझी सवय मी लपवत नाही.

मी पंधरा मिनिटांत तो नियम काढला, नवी प्रत साइटवर चढवली आणि त्यांना कळवलं, 'दुरुस्त केलं आहे.' त्यांनी ते वाचल्याच्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. पुढचा रविवार गेला. त्याच्या पुढचाही. मेहुणी म्हणाली की भाऊजी, ते खेळणार नाहीत तर मीही बसत नाही. बरोबरच होतं. दोन बहिणी आठवड्यातून एकदा एकमेकींना नीट बघत, ते त्या खेळामुळे. फोन तर त्या आधीही करत, पण त्यात मुलं, भाजी आणि दुखणी एवढंच येई. खेळात बायको वैद्यीण होती आणि बहीण तिची भामटी चेली, आणि दोघी नवऱ्यांना लुटण्याचे बेत करून पोट धरून हसत. आता चार वाजले की बायको पेपर वाचत बसू लागली.

चौथ्या रविवारी तिने पेपर खाली ठेवला. "तुमी आकडा बदलवला," ती म्हणाली. "त्याह्यले काय पाह्यजे, ते इचारलं का?"

विचारलं नव्हतं. माझ्या लेखी चूक म्हणजे जी दुरुस्त करता येते ती. पण जुनी प्रत एकेचाळीस जणांकडे होती, आणि गावच्या ग्रुपवर होती. मी फोन लावला आणि साडूंना विचारलं की मी काय करू.

"मोजणी शिकवता नं? मंग या. मोजा, अन् मंग लिवा."

मी तंत्रनिकेतनातून तीस मीटरची फीत घेतली आणि पाण्यातले क्षार दाखवणारं पेनाएवढं यंत्र घेतलं. दोन्हींची रजिस्टरात नोंद केली. शनिवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडीने निघालो. मूर्तिजापूरला डब्यात हरभऱ्याचे टहाळे विकायला आले, ते घेतले. अकोल्याला साडू स्टेशनाबाहेर मोटारसायकल घेऊन उभे होते. सव्वीस किलोमीटर मी मागे बसलो. वाटेत आम्ही रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोललो, दुसरं काही नाही.

गावात चुलतभाऊ दारातच होता. "या," तो म्हणाला. "वजा एक गावात तुमचं स्वागत हाय." अंगणात आणखी सहा-सात जण होते. मी तिथेच, चपला काढायच्या आधी, सांगून टाकलं की ते मी इथे न येता लिहिलं, आणि तपासलं आहे असंही खोटंच लिहिलं. एकाने बाज झटकून दिली.

साडूंची काकू ऐंशीच्या पुढची. तिने तांब्या आणून दिला. मी पेला भरून घेतला आणि सगळा प्यायलो. थंड, गोड पाणी. ते कॅनचं होतं. गावात आता नळ आहे, तो आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणून कॅनही येतात.

काकू बघत होती. "आता सारं पेले," ती म्हणाली. "तवा एक घोट घेऊन गिलास ठेवून देल्ला होता."

मला समजलं नाही. तिने सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी, मेहुणीच्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा मी सासऱ्यांबरोबर हे घर पाहायला आलो होतो. खारपाण्यातल्या गावात मुलगी द्यायला लोक तेव्हा कचरत, अजूनही कचरतात. मी नवा जावई होतो. माझ्यापुढे पाणी आलं, मी एक घोट घेतला आणि पेला जमिनीवर ठेवला. परत जाताना सासऱ्यांना पाण्याबद्दल काही बोललोही असेन. मला यातलं काहीच आठवत नव्हतं आणि आठवल्यासारखं करण्यात अर्थ नव्हता. साडूंकडे पाहिलं. ते टहाळ्यातले हरभरे सोलत होते. त्यांना आठवत होतं.

मी म्हटलं की खारट लागलं असेल.

"खारं?" काकू म्हणाली. "तुमाले झिऱ्याचं देल्लं होतं, बापू. इहिरीचं आमी पेत होतो."

झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत हाताने उकरलेला खड्डा. पावसाचं पाणी वाळूत वर वर टिकतं, ते त्यात हळूहळू झिरपतं. तासाला एक कळशी भरते. दीड मैलावरून बायका ते आणत आणि झाकून ठेवत. ते पाहुण्याला, बाळंतिणीला आणि डाळ शिजवायला, कारण विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. घरची माणसं विहिरीचं पीत. माझ्यापुढे आलेला पेला त्यांच्या घरातलं सर्वांत गोड पाणी होतं.

मग आम्ही मोजलं. विहीर एकोणीस मीटर खोल, पाणी तेराव्या मीटरला. यंत्राने लिटरमागे दोन हजार नऊशे मिलिग्रॅम क्षार दाखवले. दोन घोट घेतले. जिभेला चिकटतं, आणि नंतर घसा मागे ओढल्यासारखा वाटतो. नाल्यातला झिरा चुलतभाऊ अजून दरवर्षी उकरतो, कारण काकूला चहा त्याच पाण्याचा लागतो. खोली एक मीटर दहा. क्षार सहाशे चाळीस. चव थोडी मचूळ, आणि मी तसं सांगितलं. चुलतभाऊ म्हणाला, "खरं बोलते पाहुणा," आणि पहिल्यांदा हसला.

तिथे वाळूत उकिडवा बसून त्याने मला विचारलं की तुमच्या खेळात या मुलखात गोडं पाणी कसं सापडतं. मी सांगितलं की जितकं खोल खणाल तितके जास्त गुण, दर पन्नास फुटांना अधिक एक. सगळे हसू लागले, साडूसुद्धा. मी शेंदूरजनाघाटचा. आमच्याकडे संत्र्याच्या बागा जगवायला लोक बोअर खाली खाली नेतात, पाणी म्हटलं की खोल हेच माझ्या अंगात मुरलेलं. इथे उलटं आहे. जितकं खोल जाल तितकं खारं, गोडं असेल ते वर, थोडं आणि थोडे दिवस. म्हणजे पान सत्तावीस अपमान म्हणून चूक होतं आणि आकडे म्हणूनही. तो तक्ता वापरून जे खेळले असते ते सगळे खेळात तहानेने मेले असते.

काकूच्या चहावर नवा तक्ता झाला. खोली कोणती धरायची, महिना कोणता, नाला की नदी, हे सगळं अंगणातल्या लोकांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. वजा एक काढू नका, असं चुलतभाऊ म्हणाला. त्याची जागा साडूंनी ठरवली. आता नियम असा आहे: 'या मुलखात पाहुण्याला गोडं पाणी देतात आणि घरचे खारं पितात. पाहुण्याने पेला ठेवून दिला तर अक्कल वजा एक. पाहुण्याची.'

मी पहिल्या पानावर लिहिलं की आधीच्या प्रतीतला तिसरा भाग न तपासता दिला होता, तो चुकीचा होता, आणि का. ज्या सात जणांनी साइटवर अभिप्राय दिले होते त्यांना वेगळं कळवलं. पाच जणांचं उत्तर आलं. उरलेल्या चौतीस प्रती कुठे आहेत मला ठाऊक नाही आणि त्यांचं मला काही करता येणार नाही. गावात साडूंना 'वजा एक' अजून म्हणतात. पण आता साडू ते नाव माझ्यावर ढकलतात.

'खेळून तपासलेले' हे वाक्य मी खोडलं आहे. तिसरा भाग खेळून संपला की पुन्हा लिहीन. तो भाग मी सांगायचा नाही, साडू सांगणार, असं मेहुणीने ठरवून टाकलं. गेल्या रविवारी मी पहिल्यांदाच नुसता खेळाडू म्हणून बसलो. साडूंनी आम्हा चौघांना उन्हातून सात कोस चालवलं, एका अंगणात बसवलं आणि एका म्हातारीच्या हातून माझ्यापुढे पेला ठेवला.

"काय करता?"

मी म्हटलं, सगळं पितो.

"टाका मंग फासा."

प्यायला फासा कशाला, मी विचारलं.

"पोटात टिकते का पाहू," ते म्हणाले. "बागाइतीतले तुमी."

मला तीन आला. दोघी बहिणी हसत सुटल्या आणि मी तो वहीत लिहिला.