जसोदाबाईच्या कानांची तपासणी

सारंगखेड्याच्या गुजर घरांत सुनेनं जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडायचं नाही अशी रीत. जसोदाबाईचा जेठ चुनीलाल. त्याच्या पिठाच्या गिरणीत इंजिनाशेजारी उभी राहून ती वर्षानुवर्षं धान्य ओतत होती आणि त्या धडधडीनं तिच्या कानांत कायमची किरकिर बसली होती. गिरणी थांबायची, किरकिर थांबत नसे. "माले गिरणीमाईन काढा," असं तिनं नवऱ्याला, गिरधरला, हजारदा विनवलं. पण थोरल्या भावापुढे त्याची बोबडी वळायची.

आणि चुनीलालचा शोध काय, तर जसोदा बहिरी! हाक मारली तरी उत्तर देत नाही म्हणे. अरे, उत्तर द्यायला बंदी कोणी घातली? आपणच तोंड बांधायचं आणि आपणच नावं ठेवायची!

साल अडुसष्ट असेल. मुंबईच्या एका दवाखान्यात डोक्याला तारा लावून कान तपासतात असं कळलं आणि हा गृहस्थ तिला घेऊन निघाला. तिथंही हाच पुढे. "हाई बहिरी शे," त्यानं डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. जिचे कान, तिला कोणी काही विचारलंच नाही. पदर बाजूला करून केसांत चिकट मलम लावलं, तारा डकवल्या, कानांत आवाज सोडले. आवाज पोचला की मेंदूतली वीज हलायची आणि यंत्र कागदावर रेघ उमटवायचं. जेठासमोर उघड्या डोक्यानं बसलेली जसोदाबाई शरमेनं अर्धमेली झाली होती.

"कान ठणठणीत आहेत. हिला ऐकू येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"देखा! ढोंग करी ऱ्हायनी!" चुनीलाल उसळला. "चाल आते, गिरणीमा!"

डोकं उघडं पडलंच होतं. आता तोंडही उघडलं. "बाई, माले ऐकू येस. पण कानमा दिनरात किरकिर व्हस. गिरणीनी करी टाकं हाई."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? ही किरकिर आमच्या यंत्रात उमटत नाही. ज्याची त्यानंच सांगावी लागते. त्या इंजिनापाशी पुन्हा उभ्या राहू नका."

"माले इचारं कोनी?"

परतीच्या गाडीत चुनीलाल धुमसत होता, तो तिच्या कानांपायी नव्हे, ती बोलली म्हणून. गावातही तेच. जेठासमोर बोलली म्हणून बायकांनी तोंडात बोटं घातली. कानांत काय होतं, हे एकीनंही विचारलं नाही. चीड येते ती याचीच.

दुसऱ्या सकाळी इंजिन सुरू झालं. चुनीलालनं हाक मारली. दळणाला आलेल्या साऱ्या गिऱ्हाइकांदेखत जसोदाबाई गिरणीच्या उंबऱ्यावरून म्हणाली, "ऐकू येस माले, जेठजी. मी येत नही."