रेड्याकडे वळले तेव्हा

पत्रकांचा ताजा गठ्ठा सोडला की शाईच्या वासाबरोबर मला दिघीच्या धक्क्याजवळचं गेमचं दुकान आठवतं. मी नववीत होते. खाडीतल्या वाळूउपशाविरुद्ध बाबा छापायचे ती पत्रकं वाटून झाली की घरी जायची आगरदांड्याची बोट येईपर्यंत त्या दुकानाच्या दारात उभी राहायचे. शेजारी सुकट विकायला असायची, आत टीव्हीची धग. गेमच्या शेवटी एक लोखंडी रेडा मागे लागायचा आणि मुलं पडद्यावर पळत पळत भिंतीवर आपटून मरायची. जिंकेल तो खुर्चीत बसून राहायचा, हरेल तो उठायचा. एकदा मी खुर्ची मागितली. "पोरींचं काम न्हाय ते," एक कॉलेजातला दादा म्हणाला. दुकानदार काका हसले, "बसू दे रे. पण हरलीस तर परत मागायची न्हाय हां." शाईने माखलेली बोटं बटणांवरून घसरत होती. पण रोज बघून मला एक कळलं होतं: रेडा अगदी जवळ आला की क्षणभर मान खाली घालतो आणि मानेवरचं झाकण उघडतं; वार लागतो तो तिथेच. पळणाऱ्याला ते दिसत नाही. तेवढ्यात भोंगा वाजला. "बोट सुटंल, पळ!" काका ओरडले. मी खुर्ची सोडली नाही आणि पडद्यावरही पळले नाही. वळून उभी राहिले. तिसऱ्या वाराला रेडा कोसळला. "आता ऊठ," दादा म्हणाला. "का? जिंकलेला बसून राहतो, तुमचाच नियम हाय ना?" बोट केव्हाच गेली होती. परवा पत्रकं हिसकावायला वाळूवाल्यांचे दोघंजण मोटारसायकलवरून माझ्या मागे लागले, तेव्हा मी थांबले, वळले आणि त्यांच्याही हातात एकेक पत्रक दिलं.