आमच्यासोबत चालणाऱ्या बाया

आमच्या वस्तीतून मंगरूळपीरच्या शाळेत आम्ही पाच मुली पायी जायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता आणि आमचा जिल्हा अजून अकोलाच होता. वाट तासाभराची, मधे एक नाला. मी नववीत असताना गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र नाल्याजवळ सायकली आडव्या घालून उभे राहू लागले. आधी नुसतं बोलणं होतं, मग वेण्या ओढणं. एक दिवस आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीच्या झंपराची बाही फाटली. दुसऱ्या दिवसापासून पाचही जणी घरी बसलो. आमच्या बापांना ते बरोबरच वाटत होतं.

त्या संध्याकाळी बाया विहारात वंदनेला जमल्या. माझी माय चारचौघांत कधी तोंड उघडायची नाही. ती म्हणाली, "चुकी पोट्ट्यायची, अन् घरात पोरी कायले बसवता?"

"मंग करावं काय?" एकीनं विचारलं.

"आपुन जाऊ संगं. पाळीपाळीनं."

वार वाटून घेतले. सगळ्या दुसऱ्यांच्या वावरात राबणाऱ्या. पाळीच्या दिवशी मजुरी बुडणार होती. पाच वार पाच आयांनी घेतले. बुधवार शेजारच्या विधवा काकूनं मागून घेतला. तिला मूलबाळ नव्हतं. शाळा सुटेपर्यंत ती आमच्या वर्गाच्या खिडकीखाली बसायची आणि परतताना विचारायची, "त्या राजानं किल्ला घेतला का नाई मंग?" तिच्या वाट्याला फक्त बुधवारचा इतिहास यायचा, मधलं आम्ही भरून सांगायचो.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी ती पोरं पुन्हा आडवी आली. त्या मुलानं माझं मनगट धरलं. मागून काकू आली, त्याचा हात झटकला आणि त्याच्याच सायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"सोड सायकल," तो ओरडला.

"तुह्या मायच्या अंगणात सोडीन." मग आमच्याकडे वळून, "तुमी व्हा पुढं. शाळेचा टाइम होऊन राह्यला."

ती खरंच सायकल ढकलत त्याच्या घरी गेली. आईबाप, गडीमाणसं, सगळ्यांसमोर तिनं घडलेलं सांगितलं. बाप भडकला तो तिच्यावरच. "उद्यापासून माह्या वावरात पाय ठेवू नको!"

कापूस फुटून पांढरा झाला होता. दुसऱ्या दिवशी त्या वावरात वेचणीला वस्तीतली एकही बाई गेली नाही. बोलवायला आलेल्या गड्याला माझी माय म्हणाली, "तिले बोलवा, मंग येऊ आमी." आमच्या घरी चार दिवसांत तेल संपलं. बाबा कुरकुरले; मायनं ऐकलं नाही.

आठवड्यानं त्या मुलाची आईच आमच्या वस्तीत आली. आयुष्यात पहिल्यांदा. काकूच्या दारात उभी राहून म्हणाली, "माह्या पोराचं चुकलं. तो त्या वाटेनं दिसनार नाई. तुमी या वावरात." काकूनं तिला आत बसवलं, पाण्याचा गिलास दिला. ती पाणी प्यायली. दारात जमलेल्या आम्ही सगळ्या ते बघत राहिलो.

मुलगा पुन्हा दिसला नाही, तरी बायांनी पाळ्या मोडल्या नाहीत. आमच्यातल्या एकीचं दहावीआधीच लग्न लावून दिलं. ते कोणालाच थांबवता आलं नाही. उरलेल्या चौघी मॅट्रिकला बसलो, तिघी पास झालो. मी पुढे नर्स झाले. कारंज्याच्या दवाखान्यात नोकरीला असताना काकू गेली. निरोप उशिरा मिळाला.

तिचे किंवा त्या पाच आयांचे मी कधी आभार मानले नाहीत. घरच्या माणसांचे आभार मानायची पद्धत आमच्यात नव्हती. उलट मंगरूळ जवळ आलं की मला त्यांच्या फाटक्या लुगड्यांची लाज वाटायची आणि मी चार पावलं पुढे चालायचे. त्यांना ते कळत असणार. कोणी कधी बोलून दाखवलं नाही.