हरली तिने पेंड्या आणायच्या

वकिलिणीने सरळ उत्तर दिलेले मी कधी ऐकले नाही. "जेवली का वो?" विचारले तर "कायले विचारतेस? वाढणार हायेस का?" असा उलटा सवाल यायचा. म्हणून सानगडी गावात धानाचा रोवणा करणाऱ्या आम्ही बायांनी तिचे नाव वकिलीण पाडले. शाळा तिने पाहिली नव्हती. मी निदान चौथी झाले, पण तिच्यापुढे ती चौथी कधी कामाला आली नाही.

धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोपे लावायची तर डोक्यालाही काम लागते. तिने खेळ काढला. एकीने एक वस्तू मनात धरायची, दुसरीने सवाल करायचे, उत्तर फक्त हाव की नाही. ओळखता आले नाही तर 'हरली' म्हणायचे आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, रोपांच्या पेंड्या वाहून आणायच्या. जन्मभर मीच वाहिल्या. ती सवाल करताना तोंडाकडे बघायची. "तू भाजी मनात धरली का तुह्या नाकपुड्या फुगतेत," म्हणायची. तेव्हापासून मी भाजी धरणे सोडले, तरी हरले.

एका वर्षी रोवणा संपल्यावर शेतमालकाने कढीभाताचे जेवण दिले. कढीत मीठ इतके, की कोणी दुसऱ्यांदा मागू नये. शेवटच्या दिवशी मालकाला चिखल फासायची आमच्याकडे रीत आहे. सकाळी रीतीप्रमाणे फासला होता, जेवण झाल्यावर वकिलिणीने उठून परत फासला. पुढे कोणी गोड बोलून फसवायला आला, की ती हळूच म्हणायची, "कढी खारट हाय." आम्ही हसायचो आणि तो माणूस कढी शोधायचा.

तिचा मुलगा नागपूरला फ्लॅटमध्ये राहतो. वाईट नाही, घाईचा आहे. ती अंगणात घसरून पडली, हात मोडला, तेव्हा तो गाडी घेऊन आला. तिचे कपडे पिशवीत भरून पिशवी गाडीत टाकली आणि माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, आईचं डोकं गेलं. मी म्हणतो चार दिवस चल, डॉक्टरले दाखवून परत आणून देतो, तर म्हणते कढी खारट हाय. घरात कढीच नाही!"

मला हसू आवरेना. "डोकं नाही गेलं, बाबू. तू खोटं बोलून राहिला, हे सांगते तुही आई."

मी त्याच्याबरोबर गेले. ती खाटेवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला.

"डोकं गेलं ना माहं?" ती त्याला म्हणाली. "मंग मनात एक वस्तू धर. मी ओळखली तर पिशवी घरात आणून ठेवायची. नाही ओळखली तर चुपचाप गाडीत बसते."

ती बोलली म्हणजे बोलली. हरली असती तर गेली असती, आणि परत आली नसती.

"खायची हाय?"

"नाही."

"लोखंडाची?"

"हाव."

"नवी?"

"हाव." मुलाने मान दुसरीकडे वळवली.

"कुलूप," ती म्हणाली. "तुह्या खिशात हाय. चार दिवसांसाठी कोणी नवं कुलूप आणते का रे?"

तो बाहेर गेला, पिशवी आणली, खाटेखाली ठेवली. कुलूप तिने ठेवून घेतले आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावले. पुढे तो फोनवर तिच्याशी हाच खेळ खेळायचा. हरायचा.

मागच्या रोवण्याच्या दिवसांत ती गेली, स्वतःच्या घरात, त्याच खाटेवर. आदल्या संध्याकाळी मी जवळ होते. म्हणाली, "धरलं मनात. विचार."

"घरातली वस्तू?"

"हाव."

"मले आत्ता दिसते?"

"हाव." माझ्या तोंडाकडे बघून हसली. "थकली मी. बाकी उद्या विचार."

तेरवीला मुलाने विचारले, "मावशी, काय धरलं असल वो आईनं?" शेजारणी म्हणाल्या, आता हरली म्हण आणि मोकळी हो. का म्हणू? डाव अर्धा टाकून जी उठेल तिची हार, हा नियम तिनेच केला होता. मी अजून बसलेली आहे. पेंड्या आता तिने आणायच्या.